पहिलीच्या आधीचे दोन महिने

पहिलीच्या वर्गात जून महिन्यात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य ‘बाई, डबा उघडत नाही’ हे असतं. मधल्या सुट्टीची घंटा होते, तीस-पस्तीस डबे एकदम दप्तराबाहेर येतात आणि त्यांतले निम्मे बाईंच्या टेबलाकडे चालू लागतात. कुणाचं फिरकीचं झाकण घट्ट बसलेलं, कुणाच्या डब्याला चारी बाजूंनी क्लिपा, कुणाच्या डब्यात आणखी एक डबी आणि तिच्यात लोणचं. सुट्टीतला निम्मा वेळ झाकणांतच जातो. ज्याचा डबा सगळ्यांत शेवटी उघडतो, त्याची पोळी अर्धी तशीच घरी परत जाते आणि संध्याकाळी आई विचारते, ‘शाळेत जेवत का नाहीस रे?’

मे महिन्यात घरोघरी पहिलीची तयारी चाललेली असते. तिच्यात बाराखडीची वही असते, शंभरपर्यंत अंक असतात, इंग्रजी महिन्यांची नावं असतात. पाहुणे आले की त्याचं प्रात्यक्षिकही होतं. डब्याचं झाकण मात्र त्या तयारीत कुठंच नसतं. पहिलीला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा, मुलाला काय येत असलेलं तुम्हांला आवडेल? अक्षरांचं नाव त्या फार उशिरा काढतील. स्वतःच्या वस्तू ओळखता याव्यात, शू लागली तर सांगता यावं, आपला नंबर येईपर्यंत थांबता यावं, दुखलं-खुपलं तर तोंड उघडावं. अक्षरं शिकवायला आम्ही आहोतच, असं त्या म्हणतील. मी स्वतः बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला आहे आणि माझंही सांगणं हेच आहे. आपल्या राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून हाताशी साधारण दोन महिने असतात. ते पुरेसे आहेत, फक्त ते वहीवर खर्च करू नयेत.

‘पण शाळेत प्रवेशाच्या वेळी विचारतात ना!’ असं पालक म्हणतात. विचारता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे चौदावं कलम सांगतं. पहिलीचा अभ्यासक्रमही मुलाला लिहिता-वाचता येत नाही असं धरूनच सुरू होतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हे एकाच घराचे खण झाले. पहिलीत आलं म्हणून खेळ संपला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळांतून जावेत यासाठी एनसीईआरटीने २०२१ साली ‘विद्याप्रवेश’ नावाचा कार्यक्रमच दिला आहे.

वयाबद्दल थोडं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. याचा अर्थ जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल शेजारी बसू शकतं. मोठ्या माणसांत एक वर्ष कळतही नाही, पण या वयात ते आयुष्याच्या सहाव्या हिश्शाएवढं असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या मुलाची रेघ वाकडी येते, ते लवकर थकतं, चटकन रडतं. त्यात त्याच्या बुद्धीचा काही संबंध नसतो. शेजारच्या जानेवारीतल्या मुलीशी त्याची तुलना करू नका आणि घरातल्या आजी-आजोबांनाही करू देऊ नका.

आता डब्याकडे वळू. शाळेत न्यायचा तोच डबा, तीच पाण्याची बाटली एप्रिलमध्येच घरात आणा. रोज सकाळी साडेदहाला, जमिनीवर बसून, मुलाने तो डबा स्वतः उघडायचा, स्वतः खायचं, झाकण लावायचं आणि सांडलेलं पुसायचं. तुम्ही शेजारी बसा, पण हात मागे ठेवा. झाकण जमत नसेल तर डबा बदला, मुलाला दोष देऊ नका. एका झाकणाचा, फार घट्ट न बसणारा स्टीलचा डबा अजून तरी सगळ्यांत बरा. भरवून घ्यायची सवय असलेल्या मुलांचा प्रश्न मोठा आहे आणि आपल्याकडे ती सवय पुष्कळ घरांत पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. टीव्हीवर किंवा मोबाइलवर कार्टून लावून घास भरवला की ताट रिकामं होतं, आई सुटते; पण मुलाला भूक लागली हेही कळत नाही आणि पोट भरलं हेही. शाळेत कार्टून नसतं आणि घास करून द्यायला कुणी नसतं. पोळीभाजी देणार असाल तर पोळीचा रोल करून द्या, पातळ भाजी नको. सहाव्या वर्षाच्या आसपास पुढचे दुधाचे दात हलायला लागतात, तेव्हा कडक धिरडं किंवा अख्खा पेरू त्या मुलाला चावत नाही, एवढं डबा भरताना लक्षात असू द्या. ज्या शाळेत पोषण आहार मिळतो तिथे मूल सगळ्यांबरोबर पंगतीत बसून खिचडी खाईल; घरी वेगळं ताट, वेगळा चमचा, वेगळे लाड असतील तर पंगतीची सवय आधी घरात करा.

शू आणि शी हा विषय पालकसभेत कुणी काढत नाही, आणि पहिलीच्या वर्गातल्या रडण्याचं फार मोठं कारण तोच असतो. शहरातल्या घरांत आता कमोड आणि जेटस्प्रे असतो, शाळेत पुष्कळदा उकिडवं बसायचं भांडं आणि बादली-मग. ज्या मुलाने ते कधी पाहिलेलं नाही, ते घाबरतं आणि दिवसभर धरून ठेवतं. मग ते पाणीही पीत नाही. घरी आल्या आल्या दप्तर फेकून मोरीकडे धावतं, तेव्हा समजावं की हे असं चाललं आहे. लघवी धरून ठेवण्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, मुलींमध्ये जास्त. म्हणून सुट्टीत गावाला, नातेवाइकांकडे, एसटी स्टँडवर, जिथे संधी मिळेल तिथे दोन्ही पद्धतींची सवय होऊ द्या. स्वतः धुणं, मगने पाणी टाकणं, हात साबणाने धुणं, कपडे पुन्हा नीट घालणं हे सगळं मुलाला एकट्याला जमलं पाहिजे. मुलग्यांच्या पँटची चेन आणि वरचं बटण हे फार वैताग देणारं प्रकरण आहे. गणवेश शिवून घेणार असाल तर इलॅस्टिकची चड्डी सांगा, नाडी तर अजिबात नको. आणि विचारायचं कसं ते शिकवा. आमच्या लहानपणी करंगळी वर केली की काम व्हायचं. अजूनही पुष्कळ वर्गांत ती चालते. पण बाई फळ्याकडे तोंड करून असतील तर करंगळी दिसत नाही, म्हणून ‘बाई, मी शूला जाऊ?’ हे वाक्य मोठ्या आवाजात, भर वर्गात म्हणता आलं पाहिजे. घरी शाळा-शाळा खेळताना तुम्ही पाठ करून उभे राहा आणि मुलाला ते म्हणायला लावा. इंग्रजी शाळेत घालणार असाल तर तिथे हे कोणत्या शब्दांत विचारतात ते आधी कळून घ्या आणि तेवढं एक वाक्य पक्कं करा. इंग्रजीची बाकीची तयारी नाही झाली तरी बिघडत नाही, हे एक वाक्य येत नसेल तर मात्र बिघडतं.

कपड्यांवर अपघात झालाच तर? होतो, पहिलीत पुष्कळ मुलांचा होतो. दप्तरात एका पिशवीत जादा चड्डी ठेवा आणि मुलाला सांगून ठेवा की ती आहे. घरी त्यावरून हसू नका आणि भावंडांनाही हसू देऊ नका.

बोलणं ही दुसरी मोठी तयारी. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, म्हणजे आदर्श परिस्थितीतसुद्धा तीस मुलांना एक बाई. घरी एका मुलामागे चार मोठी माणसं असतात. तिथे मुलाने नुसतं बोट दाखवलं तरी वस्तू हातात येते, ओठ काढले तरी सगळे विचारतात, ‘काय झालं सोन्या?’ वर्गात असं विचारायला कुणाला सवड नसते. म्हणून या दोन महिन्यांत थोडं मुद्दाम मंद व्हा. मुलाने बोट दाखवलं तर ‘काय हवंय?’ असं विचारा आणि पूर्ण वाक्य येईपर्यंत थांबा. दुकानात त्यालाच सांगू द्या, ‘काका, एक पार्ले द्या, पाच रुपयांचा.’ पाहुण्यांनी नाव विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका. संपूर्ण नाव, आईचं नाव, वडलांचं नाव, राहतो तिथली खूण आणि एक मोबाइल नंबर एवढं तोंडपाठ हवं. नंबर दहा आकडी असल्याने अवघड वाटतो, पण चालीवर म्हटला की आठवड्यात बसतो. पुष्कळ मुलांना आपलं नाव ‘चिंटू’ एवढंच माहीत असतं. हजेरीत भलं मोठं नाव पुकारलं की ती शेजाऱ्याकडे बघत बसतात. घरात दिवसातून दोन-चारदा हजेरीतल्या पूर्ण नावाने हाक मारा.

आता घरच्या बोलीबद्दल. मूल घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलत असेल, गोरमाटी किंवा गोंडी बोलत असेल, तर शाळेच्या धास्तीने ती बंद करू नका. दोन महिन्यांत प्रमाण मराठी शिकवायच्या नादात आई-बाप मुलाशी अडखळत, परक्यासारखं बोलायला लागतात आणि मूल गप्प होतं. ज्याला आपल्या बोलीत पाच वाक्यांत गोष्ट सांगता येते, ते शाळेची भाषा काही महिन्यांत उचलतं. जे कोणत्याच भाषेत सलग बोलत नाही, त्याची काळजी करावी. एक मात्र करता येईल: शाळेत हमखास लागणारे शब्द, म्हणजे ओळ, खडू, फळा, पान उलट, रांगेत उभे रहा, हे खेळता खेळता कानावरून घाला. परदेशात किंवा परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांनाही माझं हेच सांगणं आहे. शाळेची भाषा शाळा देईल, घरची भाषा फक्त घरच देऊ शकतं.

मुलाच्या घरात, अंगणात जे आहे त्यापासूनच सुरुवात करावी असं म्हणताना मला ताराबाई मोडकांची आठवण नेहमी होते. त्यांनी १९४५ साली बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी ते वाढवलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा वस्तीतल्या अंगणात नेली, आणि शिकवायचं साहित्य म्हणून परदेशी बनावटीच्या महागड्या वस्तूंऐवजी पानं, बिया, शिंपले, खडे घेतले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळाही त्यांनी चालवली. ‘अंगणवाडी’ हे नाव २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेलं. आज चारशे रुपयांचा ‘ब्रेन डेव्हलपमेंट’चा खेळ विकत घेणाऱ्या पालकांनी स्वयंपाकघराकडे एकदा त्या दोघींच्या नजरेने पाहावं.

कारण लिहिण्याची खरी तयारी तिथेच होते. पेन्सिल धरायला बोटांत आणि मनगटात ताकद लागते, आणि ती पेन्सिल धरून येत नाही. कणकेचा गोळा तिंबणं, मटार सोलणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं, लसूण सोलायचा प्रयत्न करणं, कपड्यांना चिमटे लावणं, ओला रुमाल पिळणं, मणी ओवणं, फुलांचा हार करणं, रांगोळीच्या ठिपक्यांवर चिमटीने रांगोळी सोडणं, ही सगळी लिहिण्याचीच कामं आहेत. मोठ्या कागदावर, अंगणात, गच्चीवर, भिंतीवर परवानगी असेल तर भिंतीवरही, खडूने मोठमोठ्या रेघा आणि गोल काढू द्या. खांदा, कोपर, मनगट, बोटं अशा क्रमाने हात तयार होतो. पाच वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीत एका दमात पानभर ‘अ’ गिरवायला लावलं तर अंगठा आत वळतो, पेन्सिल मुठीत घट्ट धरली जाते आणि ती सवय नंतर सोडवताना आमच्या नाकी नऊ येतात. मूल डावखुरं असेल तर ते तसंच राहू द्या, हात बदलायला लावू नका. जेवताना उजवा आणि लिहिताना डावा असं असलं तरी काही बिघडत नाही.

पाटीपूजन मात्र जरूर करा, ज्यांच्या घरी दसऱ्याला ते होतं त्यांनी गेल्या दसऱ्याला केलंही असेल. पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली ती सरस्वती काढायला मुलाला फार आवडते. पाटी-पेन्सिल हे साधन आजही उत्तम आहे. चुकलं तर पुसता येतं, आणि पुसलेलं कुणाला दिसत नाही.

वाचनाची तयारी कानांनी होते. रोज रात्री गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक मुलाच्या मांडीवर, बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे. तीच गोष्ट वीसदा मागितली तर वीसदा वाचा. शब्द आधीच ओळखून म्हणण्यात मुलाला जो आनंद मिळतो, तो वाचनाचाच आरंभ आहे. भेंड्या खेळा. गाण्याच्या नको असतील तर गावांच्या, भाज्यांच्या. ‘कांदा’ संपला कशाने? ‘दा’ने. मग ‘दा’वरून काय? या खेळात मूल शब्दांचे आवाज सुटे करायला शिकतं, आणि अक्षरओळखीला नेमकं तेच लागतं. स्वतःचं नाव ओळखता आलं तर बरं, कारण डब्यावर, बाटलीवर, दप्तरावर ते शोधायचं असतं. ज्याला स्वतःहून अक्षरं विचारायची हौस आहे त्याला जरूर सांगा. हौस नाही त्याच्यामागे लागू नका.

अंकांचंही तेच. शंभरपर्यंत घडघडा म्हणणारं मूल ‘मला सात बटाटे दे’ म्हटलं की मूठभर देतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दहापर्यंत वस्तू मोजून देता येणं, कमी-जास्त ओळखता येणं एवढं घेऊन या. पानं वाढताना ‘आपण किती जण? मग किती ताटं?’ हा प्रश्न मुलालाच टाका. मराठी संख्यानावं मुळात अवघड आहेत, ‘एकोणतीस’मध्ये तीस आधी कसे आले हे लहान मुलाला उमगत नाही, म्हणून वीसच्या पुढची घाई करून त्याला गोंधळात टाकू नका. त्यासाठी पहिली-दुसरी आहेच.

शाळेचं वेळापत्रक घरात आणायचं तर सुरुवात रात्रीपासून होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. सकाळी सातला उठायचं असेल तर नऊला दिवा मालवला गेला पाहिजे, आणि त्यासाठी जेवण आठच्या आत. घरातली मालिका साडेनऊपर्यंत चालत असेल तर मूल झोपणार नाही. इथे बदलायचं आहे ते मोठ्यांनी. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, त्यामागचं कारण मुलांची झोप हेच होतं. तरी तुमच्या शाळेची नेमकी वेळ आणि गाडी दारात येण्याची वेळ आधी विचारून घ्या. शाळा उघडायच्या तीन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. पहिल्या दिवशी एकदम सहाला उठवलेलं मूल वर्गात पेंगतं, आणि पेंगणारं मूल हमखास रडतं.

मे महिन्यात एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो आणि विसरला जातो तो हाच. डोळे तपासून घ्या, विशेषतः मूल टीव्हीच्या अगदी जवळ बसत असेल किंवा मान वाकडी करून बघत असेल तर. फळ्यावरचं न दिसणारी मुलं ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली महिनोन्महिने जातात. हाक मारल्यावर ओ देत नसेल तर कान तपासा, कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. दातांबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येणारी नवी दाढ कायमची असते. ती दुधाची समजून किडू देऊ नका.

शाळा मुलाला आधी दाखवून आणा. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. टेबलं मांडलेली असतात, मुलं उड्या मारतात, चित्रं रंगवतात, वस्तू मोजतात. आणि आयांचे गट करून घरी काय खेळायचं त्याची कार्डं देतात. मुलाची परीक्षा आहे असं समजून तिथे मागून उत्तरं पुरवणारे पालक मी पाहिले आहेत. तसं करू नका. त्या मेळाव्यात मुलाला बाईंचा चेहरा आणि शाळेचं फाटक ओळखीचं होतं, तेवढंच पुरे. तुमच्या शाळेत मेळावा नसेल तर शिपाईमामांना विचारून एखाद्या संध्याकाळी आवारात चक्कर मारा. नळ कुठे, संडास कुठे, वर्ग कुठला, हे मुलाने स्वतः पाहू द्या.

जाण्या-येण्याचं पक्कं ठरवा. रिक्षा किंवा व्हॅन लावणार असाल तर किती मुलं बसवतात ते एकदा डोळ्यांनी पाहा, चालकाच्या शेजारी मांडीवर मूल बसवणाऱ्या रिक्षाला नाही म्हणा. स्कूलबससाठी आपल्या राज्यात २०११ पासून वेगळे नियम आहेत. मुलांना चढवायला-उतरवायला सहायक आहे का ते विचारा. न्यायला कोण येणार हे मुलाला आणि बाईंना दोघांना माहीत हवं. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, तो न सांगणाऱ्या माणसाबरोबर जायचं नाही, मग तो ओळखीचा का असेना. अंगाला कुठे हात लावलेला चालणार नाही, हे अंघोळ घालताना सहज, न घाबरवता सांगा. आणि असं काही झालं तर ते गुपित ठेवायचं नाही, आई रागावणार नाही, हे त्याहून जास्त वेळा सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो मोठ्यांनी लक्षात ठेवावा.

खरेदीत फार सांगण्यासारखं नाही. दप्तर हलकं घ्या. २०२०च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी भरलेल्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो असावं असं म्हटलं आहे, आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंही. चाकांची, चित्रांची, चार कप्प्यांची दप्तरं रिकामीच किलोभर भरतात. बूट नाडीचे नकोत, चिकटणाऱ्या पट्टीचे घ्या. जून म्हणजे पाऊस, तेव्हा छत्रीऐवजी रेनकोट. तो काढून घडी न करता पिशवीत कोंबायला शिकवा, घडी कुणालाच जमत नाही. सगळ्यावर नाव घाला, रुमालावरसुद्धा. चांगल्यातला कंपास देऊ नका, पहिल्या आठवड्यात हरवतो आणि मूल घरी यायला घाबरतं.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करा: ‘थांब, शाळेत गेलास की बाई बघतील तुला.’ मस्ती केली की आजी म्हणते, मामा म्हणतो, सहज म्हणतात. मूल मग पहिल्या दिवशी बाईंकडे त्याच नजरेने बघतं. शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षणहक्क कायद्यानेच बंद आहे, त्याच्या सतराव्या कलमात. बाईंच्या नावाने धाक घालायचं घरीही बंद होऊ द्या.

पहिल्या दिवशी मूल रडलं तर ते साहजिक आहे, न रडलं तर तेही. फाटकापाशी निरोप छोटा ठेवा. ‘मधली सुट्टी, मग गाणी, मग घंटा, घंटा झाली की मी इथे या झाडाखाली’ असं मुलाला कळेल असं सांगा. साडेबारा वाजता म्हणजे कधी हे त्याला कळत नाही. सांगितल्या जागी घंटेच्या आधी पाच मिनिटं उभे राहा, पहिला आठवडाभर तरी. नजर चुकवून पळून जाऊ नका. तो दिवस निभावतो, पण दुसऱ्या दिवसापासून मूल हात सोडत नाही. खिडकीतून डोकावत राहणाऱ्या पालकांमुळे एका मुलाचं रडं सगळ्या वर्गाला लागतं, हेही प्रेमाने सांगते.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारलं की ‘काही नाही’ असंच उत्तर येतं. आधी हातपाय धुऊन खायला द्या, थोडं लोळू द्या. मग ‘शेजारी कोण बसलं होतं? त्याच्या डब्यात काय होतं?’ असं काहीतरी विचारा, गाडी आपोआप सुरू होते. पहिला आठवडा मजेत गेलेली पुष्कळ मुलं दुसऱ्या सोमवारी अडून बसतात, कारण शाळा रोजच असते हे त्यांना तेव्हा कळतं. त्या दिवशी ताप नसेल तर पाठवाच. एक दिवस घरी ठेवलं की मंगळवारी पुन्हा तोच तमाशा.

गणपतीपर्यंत बहुतेक मुलं रुळतात. त्यानंतरही रोज सकाळी पोटात दुखत असेल, सुट्टीच्या दिवशी मात्र दुखत नसेल, झोपेत दचकत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर बाईंना भेटा. शाळा सुटताना फाटकावर, चार पालकांसमोर हा विषय काढू नका. वेळ मागून घ्या, वर्ग रिकामा असताना बसा. तक्रारीने सुरुवात करण्याऐवजी घरी काय दिसतं ते सांगा आणि वर्गात ते कसं असतं, कुणाशी खेळतं, सुट्टीत कुठे उभं राहतं, हे विचारा. बाईंना तुमच्याइतकंच काही दिसत असेल तर दोघांनी मिळून पुढचे पंधरा दिवस काय करायचं ते ठरवा. तरीही फरक पडला नाही तर मुलाला डॉक्टरांना दाखवा.